तुटायचा पट्टा आणि न तुटायचा पट्टा

घोड्याचं सामान हातानं करायचा छंद लागला की जवळपास प्रत्येकाची नजर थेट खोगिरावर जाते. साहजिक आहे. सगळ्या साजात तीच ऐटीची वस्तू, बाकी सगळे नुसते पट्टे. पण माझं मत विचाराल तर खोगीर हे या छंदातलं शेवटचं काम, आणि त्यातलेही एकदोन भाग घरी करूच नयेत. सुरुवात म्होरकीपासून करावी, म्हणजे घोडा बांधायला त्याच्या डोक्यावर घालतात त्या पट्ट्यांच्या साजापासून. पाचसहा पट्टे, दोनतीन बकलं, चार कड्या, एवढाच तिचा पसारा. पण या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच शिकवते: कुठला पट्टा कधीच तुटता कामा नये आणि कुठला वेळ आली की तुटायलाच हवा.

देशी घोडासुद्धा साडेतीनशे-चारशे किलोचा असतो. म्होरकी घालून बांधलेला किंवा मोकळा सोडलेला घोडा खिळ्यात, कुंपणात, गव्हाणीच्या कडीत अडकला की बिथरतो आणि सगळं वजन मागे टाकून झटका देतो. अशा वेळी काहीतरी तुटणारच. पट्टा तुटला नाही तर मान दुखावते किंवा डोकं फुटतं. नायलॉनची म्होरकी स्वस्त आणि टिकाऊ असते, आणि तिचा धोकाही त्या टिकाऊपणातच आहे. म्हणून चामड्याच्या म्होरकीत कानामागचा पट्टा मुद्दाम कमजोर ठेवतात. बाकीचे पट्टे २५ मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर जाड असतील, तर कानामागचा एकेरी, अडीच मिलिमीटरचा. तो दोन्ही बाजूंनी बकलात घालायचा, शिवायचा नाही, म्हणजे तुटल्यावर दहा मिनिटांत दुसरा बसवता येतो. हे कळलं की प्रत्येक पट्ट्याकडे बघताना पहिला प्रश्न ‘दिसतो कसा’ हा राहत नाही. ताण कुठून येणार, कुठे जाणार आणि वाटेत त्याला कमजोर जागा कुठली सापडणार, हे आधी डोक्यात येतं.

मराठी मुलखात हे काम जिनगरांचं. शिलेदार स्वतःचा घोडा आणि सामान घेऊन चाकरीला यायचा, बारगिराला ते सरकारी पागेतून मिळायचं. सामान दोघांनाही लागायचंच. पागा गेल्या, मागणी आटली आणि जिनगर मंडळी मूर्तिकाम, चित्रकाम, पितळकाम अशा धंद्यांकडे वळली. त्यामुळे आज हौशी माणसाला गावात खोगिराचा गुरू सहसा मिळत नाही. पण रापी आणि आरी चालवणारा चांभार मिळतो, आणि त्याच्या शेजारी बसून नुसती रापीची धार कशी लावतात एवढं जरी नीट पाहिलं, तरी पुढचं निम्मं वैताग-काम वाचतं. बोथट रापी चामडं कापत नाही, ओढते. ओढलेली कड नंतर कितीही घासली तरी सरळ होत नाही.

आता चामड्याचं. पट्ट्यांसाठी वनस्पतीत कमावलेलंच चामडं हवं, म्हणजे बाभळीची साल, हिरडा, तरवड अशा तुरट द्रव्यांत मुरलेलं. क्रोमनं कमावलेलं चामडं मऊ असतं, पाण्याला दाद देत नाही, रंगही छान घेतं. खोगिराच्या आतल्या अस्तराला ते चालेल. पण त्याचा पट्टा ताणला की लांबतो, लांबलेला मागे येत नाही आणि त्याची कड घासून चकचकीत होत नाही. ओळखायला दोन सोप्या युक्त्या आहेत. कतरण किंचित ओली करून नख दाबायचं: वनस्पतीत कमावलेल्या चामड्यावर नखाचा ठसा राहतो, क्रोमवर तो उसळून नाहीसा होतो. दुसरी युक्ती जाळायची. क्रोमची राख हिरवट पडते, दुसऱ्याची करडी.

महाराष्ट्रात २०१५पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे, तेव्हा इथलं जाड चामडं म्हणजे मुख्यतः म्हशीचं. कोल्हापुरी चपलेचं चामडं तेच. ताकदीला ते कमी नाही, पण त्याच्या तीन खोडी माहीत असाव्यात. पृष्ठभाग खरबरीत असतो, पोटाकडे तंतू फार सैल असतात, आणि मूळ जाडी खूप असते. जाडी खूप असली की मोह होतो: सहा मिलिमीटरचं घ्यावं आणि तासून साडेतीनवर आणावं. असं करू नये. चामड्याचे तंतू आडवेतिडवे एकमेकांत विणलेले असतात. अर्धी जाडी तासली की विणही अर्ध्यावर कापली जाते. मुळातच चार मिलिमीटरचं असलेलं कातडं तासून चारवर आणलेल्या कातड्यापेक्षा कधीही भरवशाचं.

कातडं घेताना दुकानदार गुंडाळी हातात देईल, ती पूर्ण उलगडून बघावी. पाठीच्या कण्यालगतचा, मागच्या बाजूचा भाग सगळ्यात घट्ट; लगाम, तंगाचे पट्टे (तंग म्हणजे खोगीर पोटाखालून आवळायचा पट्टा), रिकिबीचे पट्टे (रिकीब म्हणजे स्वाराचा पाय ठेवायची कडी) इथूनच निघायला हवेत. खांद्याचा भाग मऊ, सुरकुत्यांचा. म्होरकीचा कानामागचा पट्टा, कपाळपट्टा यांना ठीक. पोटाचा भाग ताणला जातो, त्याच्यातून फक्त पट्ट्यांची घरं (बकलातून बाहेर आलेलं टोक ज्यात खोचतात ते पट्टीचे वेढे), अस्तर, ठिगळं. मग पृष्ठभाग, म्हणजे केसांची बाजू, आत ठेवून चामडं बोटावर दुमडायचं. बारीक, जवळजवळ सुरकुत्या पडून लगेच गेल्या तर उत्तम. मोठ्या, फुगीर, नळीसारख्या वळ्या पडल्या तर वरचा थर खालच्यापासून सुटू लागलाय. असं चामडं स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये. शेवटी एक कोपरा कापून छेद बघायचा. रंग आरपार एकसारखा हवा. मधोमध फिकी, काचेसारखी रेघ दिसली तर कमावणं आतपर्यंत पोचलेलं नाही. असा पट्टा वाळला की कडक होतो आणि दुमडला की तिथेच तडकतो.

आपल्याकडचं हे चामडं घोड्याच्या सामानासाठी कोरडं पडतं. चपलेच्या तळव्याला ते चालतं, लगामाला नाही. इंग्लंडमध्ये वॉल्सॉल हे खोगिराच्या धंद्याचं जुनं गाव, इतकं की तिथल्या फुटबॉल क्लबचं टोपणनावही ‘सॅडलर्स’ आहे. तिथल्या पट्ट्यांच्या चामड्यात चरबी आणि तेल मुरवलेलं असतं. घरी हेच करायला वेळ लागतो, पण करता येतं. चामडं ओलसर करायचं, थेंब गळणार नाही इतपत. गुरांची वितळवलेली चरबी आणि गुरांच्या पायांच्या हाडांतून काढलेलं तेल, म्हणजे बाजारातलं नीट्सफुट तेल, वजनानं निम्मंनिम्मं कोमट करून मांसाच्या, म्हणजे आतल्या बाजूनं पातळ थर चोळायचा आणि सावलीत टांगायचं. पाणी उडत जातं तसतशी चरबी आत शिरते. कोरड्या चामड्यावर तीच चरबी वर नुसती चिकट बसते. दोनतीन दिवसांनी दुसरा थर. तिसरा द्यायच्या आधी पट्टा वाकवून बघायचा. जास्त तेल प्यायलेलं चामडं लुळं पडतं आणि ताणाखाली लांबतं, आणि आत गेलेलं तेल परत काढता येत नाही.

कापताना सगळे लांब पट्टे कण्याला समांतर. आडवा कापलेला पट्टा आठवड्यात लांबतो, तिरका कापलेला एका कुशीवर वळतो. कण्याची कड कधीच सरळ नसते, म्हणून आधी लांब धातूच्या पट्टीनं सरळ रेघ मारून एक चिंधी कापून टाकायची आणि मग त्या कडेवरून लाकडी स्ट्रॅप कटर चालवायचा. जोडीचे पट्टे नेहमी एकमेकांना चिकटून कापायचे. डावा खांद्यातून आणि उजवा पाठीतून असं झालं तर दोघं वेगवेगळे लांबतात.

आता बकलाचा मोड, म्हणजे बकलाभोवती पट्टा दुमडतो ती जागा. चामड्याचा पट्टा अचानक तुटतो तो बहुतेक वेळा इथेच, म्हणून इथे घाई नको. १६ मिलिमीटर रुंद गालपट्टी धरू. बकलासाठी टोकाला ७५ मिलिमीटर जास्तीचं चामडं ठेवायचं. टोकापासून सुमारे ७० मिलिमीटरवर बकलाची जीभ फिरायला खाच हवी, २० ते २५ मिलिमीटर लांबीची. ही खाच नुसत्या सुरीनं चिरू नये. दोन्ही टोकांना गोल भोक पाडून मग मधलं कापायचं, नाहीतर ताण आला की चिरेचं टोक पुढे फाटत जातं. मग टोकाचे शेवटचे दोन सेंटिमीटर मांसाच्या बाजूनं रापीनं उतरते तासायचे, टोकाला कागदाइतके. नवखा माणूस हमखास जिथे चुकतो ते हे ठिकाण: तो मोडाची जागाही तासतो, कारण जाड चामडं वाकत नाही. मोडाची जागा पूर्ण जाडीची हवी. वाकत नसेल तर ती पाण्यानं ओलसर करायची, पाच मिनिटं थांबायचं, बकल घालून दुमडायची आणि गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं हलकेच ठोकायची. ओल्या चामड्याला लोखंडी हातोडीचा गंज लागू देऊ नका. लोखंड आणि तुरट द्रव्य भेटलं की काळा डाग पडतो. ताजा असेल तर लिंबाच्या रसानं फिका होतो, जुना असेल तर तो आता त्या पट्ट्याचाच.

दुमडलेल्या भागात बकलाजवळ पट्ट्याचं घर बसतं. त्यासाठी १० मिलिमीटर रुंद, दोन-अडीच मिलिमीटर जाड पट्टी. तिची दोन्ही टोकं मोडाच्या आत समोरासमोर भिडवायची, एकावर एक चढवायची नाहीत, नाहीतर तिथे गुठळी येते. आत पट्ट्याचे दोन थर मावतील एवढी लाकडी ठोकळी घालून घर ओलं असताना ठोकून चौकोनी करायचं आणि ठोकळी आत ठेवूनच वाळू द्यायचं. शिवण दोन्ही कडांनी, पट्ट्याच्या लांबीत. पट्ट्याच्या रुंदीत आडवी शिवण कधीही घालू नये. ताणाच्या दिशेला आडवी भोकांची रांग म्हणजे पोस्टाच्या तिकिटाची कड. नेमकी तिथून फाटते.

शिवणीला दोन सुया आणि एक दोरा. दोन्ही सुया प्रत्येक भोकातून समोरासमोरून जातात, म्हणून एका जागी दोरा झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा टाका धरून ठेवतो. यंत्राच्या टाक्यात दोन दोरे मध्ये एकमेकांना अडकवलेले असतात. एक तुटला की शेजारचे ढिले पडत जातात. जिथे माणसाचं वजन येतं तिथे हातशिवण हवी, ती यासाठी. दोरा अळशीचा मेण लावलेला, किंवा पॉलिएस्टरचा गुंफलेला, ०.८ मिलिमीटर. इंचाला आठ टाके म्हणजे दोन टाक्यांत साधारण ३.२ मिलिमीटर. ०.६चा दोरा असेल तर इंचाला दहा. बारा टाके दिसायला नाजूक, शोभेच्या कपाळपट्टीवर घालावेत. तंगाच्या पट्ट्यावर नाही, कारण टाके वाढले की भोकं वाढतात आणि भोकांमधलं चामडं कमी होतं. कडेपासून शिवणीचं अंतर निदान तीन मिलिमीटर. दोऱ्याची लांबी शिवणीच्या चौपट आणि वर हातभर. जाड काम असेल तर पाचपट घ्यावी, कारण मधेच दोरा संपल्याइतकं वैतागवाणं दुसरं काही नाही.

आरी चौकटच्या आकाराच्या पात्याची, आणि खरोखर धारदार. पातं तिरपं धरायचं, सगळ्या भोकांत एकाच कोनात, पण पृष्ठभागाशी काटकोनातच घुसवायचं. पुढची शिवण सरळ आणि मागची वाकडी येत असेल तर दोष डोळ्यांचा नसतो. काम लाकडी चिमट्यात तिरकं धरलेलं असतं. हा चिमटा दोन वाकवलेल्या प्लायवूडच्या फळ्यांचा घरीही होतो: मांड्यांमध्ये धरायचा, जबड्याला आतून चामडं लावायचं. दुसरी सुई घालताना ती पहिल्या दोऱ्यातून आरपार जाऊ नये म्हणून पहिला दोरा किंचित मागे ओढून धरायचा. दोरा दोऱ्यात रुतला की टाका आवळतच नाही, आणि तो उलगडायला दोरा कापावा लागतो. प्रत्येक वेळी तीच सुई आधी, तोच दोरा वर. हा क्रम बदलला की टाक्यांचा कल बदललेला लगेच दिसतो. आवळायचं इतकंच की दोरा चामड्यात बसेल, त्याला कापणार नाही. गाठ मारायची नाही. शेवटी तीन टाके उलटे घ्यायचे, दोरा पृष्ठभागाशी कापायचा. बकलाच्या सगळ्यात जवळचा टाका दुहेरी, कारण ओढ तिथून सुरू होते.

कड नीट करायला दोन्ही बाजूंच्या धारा तासायच्या, बारीक पॉलिशपेपर, मग रंग. बाहेरच्या पुस्तकांत सांगतात तो ट्रॅगाकॅन्थ डिंक शोधत बसू नका. किराणा दुकानातला गोंद कतीरा रात्रभर पाण्यात भिजवला की काम होतं. त्याचं बोट फिरवून जाड कापडानं कड तापेपर्यंत घासायची, वर मधमाशीचं मेण. कडेपासून दोन मिलिमीटरवर गरम केलेल्या लोखंडी रेखणीनं रेघ ओढली की पट्टा एकदम पट्टीचा दिसतो. ती रेघ निव्वळ शोभेची नाही, कडेचे तंतू ती दाबून घट्ट करते. रेखणी आधी कतरणीवर चालवून बघावी. धूर निघाला तर गरम जास्त.

बकलं पितळेची भरीव किंवा स्टेनलेस स्टीलची. बाजारात पितळी पाणी दिलेली जस्ताची ओतीव बकलं सर्रास मिळतात, आणि ती आधी न वाकता एकदम तुटतात. चुंबक लावून बघा असं लोक सांगतात. पण चुंबक फक्त लोखंड पकडतो. जस्त त्याच्यापुढून सुखानं पास होतं. मागच्या कोपऱ्यावर कानशीचा एक घाव घालायचा. आतही पिवळं तर पितळ, पांढरट-करडं तर ठेवून द्या आणि पिशवीला लावा. भारतात चांगली बकलं, कड्या, खोगिराचे सांगाडे मिळण्याचं मोठं ठिकाण म्हणजे कानपूर. ब्रिटिश लष्करासाठी तिथे हा धंदा वाढला, आजही तिथून खोगिरं परदेशी जातात आणि तिथल्या या सामानाला भौगोलिक मानांकनही आहे.

म्होरकी जमली की ब्रायडल, म्हणजे सवारीच्या वेळी डोक्यावर घालायचा, घोड्याच्या तोंडातला धातूचा दांडा (बिट) धरून ठेवणारा साज. भाग असे: कानामागून जाणारा मुख्य पट्टा, त्याचीच दोन्ही टोकं चिरून निघालेली गळपट्टी, दोन गालपट्ट्या, कपाळपट्टा, नाकपट्टा आणि लगाम. मापं कॅटलॉगमधून घेऊ नयेत. ती परदेशी घोड्यांची असतात, आणि मारवाडी किंवा काठेवाडी घोड्याचं डोकं त्यात नीट बसत नाही. दोरी घ्यायची. तोंडाच्या एका कोपऱ्यापासून कानामागून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एक माप. एका कानामागून कपाळावरून दुसऱ्या कानामागे दुसरं. नाकाभोवती, गालाच्या हाडाच्या दोन बोटं खाली, तिसरं. कपाळपट्टा आखूड करणं ही सगळ्यात नेहमीची चूक. आखूड पट्टा मुख्य पट्ट्याला पुढे ओढतो, तो कानाच्या मुळाशी घासतो, आणि मग ‘घोडा डोकं हलवतो, खट्याळ आहे’ असा बिचाऱ्यावर आळ येतो. बसवल्यावर गळपट्टी आणि जबडा यांत आडवी मूठ मावली पाहिजे, नाकपट्ट्याखाली दोन बोटं. बकल मधल्या भोकात बसावं आणि वर-खाली तीनतीन भोकं उरावीत असं माप काढायचं. भोकांत २५ मिलिमीटरचं अंतर. लगामाच्या दोन बाजू प्रत्येकी दीड मीटर, १६ किंवा १९ मिलिमीटर रुंद, कुठेही जोड नाही. दीड मीटर सलग चामडं पाठीतून निघतं. जोड देऊन वाचवलेलं चामडं कुठल्या वेळी महाग पडेल ते सांगता येत नाही.

रिकिबीच्या पट्ट्यांपासून काम खरंच गंभीर होतं. २५ मिलिमीटर रुंद, साडेचार-पाच मिलिमीटर जाड, मोठ्या माणसासाठी साधारण १४० सेंटिमीटर लांब. चांगले पट्टे उलटे केलेले असतात: चामड्याचा गुळगुळीत पृष्ठभाग आत, मांसाची बाजू बाहेर. कारण रिकिबीची लोखंडी कडी आतून घासते, आणि घासण्याला पृष्ठभागच टिकतो. शिवून झाल्यावर दोन्ही पट्टे शेजारी शेजारी टांगायचे आणि प्रत्येकाला वीस-पंचवीस किलोचं वजन रात्रभर लावायचं. भोकं त्यानंतर, दोन्ही पट्टे एकावर एक ठेवून एकदमच पाडायची. आधी भोकं पाडली तर पहिल्या महिन्यात डावा पट्टा लांबतो, कारण स्वार नेहमी डावीकडून चढतो. म्हणून पुढेही अधूनमधून डावा-उजवा अदलाबदल करत राहावं. हा पट्टा तुटता कामा नये, पण स्वार पडून त्याचा पाय रिकिबीत अडकला तर तो खोगिरापासून सुटायला मात्र हवा. ते काम पट्ट्याचं नाही, खोगिराच्या सांगाड्यावरच्या लोखंडी दांडीचं. तिचं टोक उघडं असलं की पट्टा मागे सरकून निघतो. पट्टा निसटू नये म्हणून ते टोक वर करून बंद ठेवणारे लोक आहेत. त्यांनी ते लगेच खाली करावं.

तंग ज्यांना बांधतात ते पट्टे खोगिराच्या दोन्ही बाजूंना तीनतीन असतात. वरून तिन्ही सारखे दिसतात. आत बघितलं तर पहिला वेगळ्या नवारीला शिवलेला असतो, दुसरा आणि तिसरा मिळून दुसऱ्या नवारीला. एक नवार गेली तरी दुसरी खोगीर धरून ठेवते. म्हणून तंग पहिल्या-दुसऱ्याला किंवा पहिल्या-तिसऱ्याला बांधायचा, दुसऱ्या-तिसऱ्याला कधीच नाही. खोगीर दुरुस्त करताना हे पट्टे बदलणं हे हौशी माणसासाठी चांगलं काम आहे, फक्त जुनी मांडणी जशीच्या तशी ठेवावी. ‘नवार एकच घेऊ, सोपं पडेल’ असा विचार केला की खोगीर एका टाक्यावर उभं राहतं.

आणि खोगीर. सांगाडा घरी करू नये, हे सुरुवातीला म्हटलं त्याचं कारण आता. हा सांगाडा बीच लाकडाचे पातळ थर साच्यात चिकटवून करतात. पुढे पोलादी कमान, पुढून मागे दोन पोलादी पट्ट्या आणि बाजूंना रिकिबीच्या घडीव दांड्या रिव्हेटनं बसवलेल्या. त्याची रुंदी आणि वळण घोड्याच्या पाठीशी जुळलं नाही तर वरचं सुंदर चामडंकाम घोड्याला नुसती शिक्षा. तयार सांगाडा आणावा आणि त्यावर काम करावं. पण आधी पाठीचं माप. वाकवता येणारी पट्टी खांद्याच्या हाडाच्या दोन-तीन बोटं मागे, मान-पाठीच्या उंचवट्यावरून आडवी दाबून बसवायची आणि कागदावर रेघ काढायची. सांगाड्याची कमान त्या रेघेवर बसली पाहिजे. मागे खोगीर शेवटच्या बरगडीच्या पुढे संपायला हवं; त्यामागे वजन तोलायला बरगड्याच नाहीत. स्वार बसल्यावर उंचवट्यावर दोनतीन बोटं मोकळी, आणि कण्यावरच्या नाळीत तीनचार बोटांची रुंदी.

सीट ताणणं, झालरी कापणं हे सगळं दोनचार खोगिरं उसवून पाहिली की हाताला येतं. त्याबद्दल इथे लिहीत नाही. खोगीरभरतीबद्दल मात्र लिहायला हवं, कारण घोड्याला खोगिराचं कळतं ते एवढंच. भरती कुरळ्या लोकरीची. कापूस घामानं दबून ढेकळं होतो आणि पुन्हा फुलत नाही. लोकर आधी हातानं पूर्ण मोकळी करायची, छोट्या छोट्या मुठीनं लांब लोखंडी भरणीनं पुढच्या टोकापासून मागे सारत न्यायची. एका जागी ठासली की गाठ, आणि गाठ म्हणजे पाठीवर फोड. तळवा ठेवून डोळे मिटून दोन्ही बाजू चाचपाव्यात. डोळ्यांना गाठ दिसत नाही, तळव्याला लागते. पुढे-मागे टेकून मध्ये पोकळी राहत असेल तर मध्ये भरती कमी पडली. पुढेमागे झुलत असेल तर मध्ये जास्त झाली. अर्ध्या तासाच्या सवारीनंतर खोगीर काढून पाठीवरचा घाम बघायचा. दोन्ही बाजूंना सारखा ओला पट्टा हवा. मधेच कोरडा डाग दिसला तर तिथे एकतर फार दाब आहे किंवा अजिबात टेकत नाही. उंचवट्यावर पांढरे केस आलेले घोडे सारंगखेड्याच्या यात्रेत कितीतरी दिसतात. ते केस म्हणजे जुन्या खोगिराचा दाब; तिथली मुळं कायमची दुखावलेली असतात. नवी भरती काही महिन्यांत बसते, तेव्हा ती पुन्हा बघून आरीनं सारखी करावी लागतेच.

मग पावसाळा. जूनमध्ये टांगलेलं सामान ऑगस्टमध्ये हिरवं-पांढरं दिसलं नाही असं घर कोकणात तरी सापडणार नाही. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं तर बुरशी अजून लवकर. भिंतीपासून बाजूला, वारा खेळेल असं टांगावं. बुरशी आली तर आधी बाहेर नेऊन कोरड्या फडक्यानं झटकायची, मग व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं करून पुसायचं आणि सावलीत वाळवायचं. उन्हात किंवा चुलीजवळ नाही. ओलं चामडं तापलं की आकसतं आणि कायमचं कडक होतं. बुरशीवरच तेल चोळलं तर तिला खाद्य मिळालं. रोजच्या सवारीनंतर घामाचं मीठ ओलसर फडक्यानं काढायचं, मग ग्लिसरीनचा साबण जवळजवळ कोरड्या स्पंजनं. फेस आला तर पाणी जास्त झालं. पितळी बकलाभोवती हिरवा चिकट थर येतो तो चामड्यातल्या चरबीचा आणि पितळेचा. तो खरवडून काढला नाही तर तिथला दोरा कुजतो.

प्रत्येक सवारीआधी तीन जागा हातानं तपासायच्या: तंगाच्या पट्ट्यांची भोकं, रिकिबीच्या पट्ट्याचा बकलाजवळचा मोड, लगाम बिटला जोडतो ती घडी. भोकं गोलाची लांबट झाली असली, किंवा मोड बाहेरून वाकवला की केसासारख्या भेगा दिसत असल्या, तर पट्टा बदलायचा. ठिगळ लावायचं नाही. नुसती शिवण कुजली असेल तर मात्र पट्टा टाकायचं कारण नाही. जुना दोरा उपसून काढायचा आणि नवी शिवण जुन्याच भोकांतून घालायची, आरी न लावता. शेजारी नवी भोकं पाडली तर दोन भोकांमधलं चामडं इतकं कमी उरतं की दोरा धरून राहतो आणि पट्टाच फाटतो.